ट्रंक बांधलेली, मूल मोकळं

पोस्टिंगचा हंगाम आला की आमच्या उधमपूरच्या छावणीत दोरखंडाला भाव येतो. काळ्या ट्रंका, लाकडी पेट्या, फ्रिज, कूलर, पोरांच्या सायकली, सगळं ट्रकवर चढतं. एमटीचा एखादा मुरलेला सुभेदार खाली उभा राहून प्रत्येक गाठ स्वतःच्या हाताने ओढून बघतो. एक गाठ जरी ढिली लागली, तरी ट्रक जागचा हलत नाही. जम्मूकडे उतरताना एका वळणावर मोकळी ट्रंक काय करते, ते त्याने पाहिलेलं असतं.

ट्रक गेला की तेच कुटुंब स्वतःच्या गाडीत बसतं. उधमपूर ते पुणे, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी आणि आईच्या मांडीवर दीड वर्षाचं पोर. फ्रिजला चार दोर आणि पोराला दोन हात. पोराची गाठ कोणी ओढून बघत नाही, कारण बघायला गाठच नसते.

माझं भांडण या गोष्टीशी आहे आणि ते मुख्यतः आपल्याच लोकांशी आहे. ज्याला सामान बांधायचं शास्त्र कधी कोणी शिकवलंच नाही, त्याला एक वेळ माफ करता येईल. आपल्याला मात्र ते पगार देऊन शिकवलेलं आहे.

मांडी ही जागा गोष्ट ऐकायला उत्तम. गाडीत ती जागा नव्हे. गणित खडकवासल्याच्या पहिल्या टर्मचं आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर किंवा उभ्या ट्रकवर आदळली, तर आत बसलेल्याच्या दृष्टीने ते दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकंच असतं. गाडीचं नाक साठेक सेंटिमीटर चेपतं आणि तेवढ्या अंतरात सगळा खेळ आटोपतो, एक दशांश सेकंदाच्या आत. त्या क्षणी दहा किलोचं मूल धरून ठेवायला सरासरी दीडशे किलोंहून जास्त जोर लागतो. आमच्या बटालियनमधला सगळ्यात तगडा पैलवानही इतक्या वेळात हे करू शकणार नाही. इतक्या वेळात माणसाला काही घडतंय हे कळतसुद्धा नाही. त्यामुळे ‘मी घट्ट धरते ना’ हे वाक्य प्रेमाचं असलं, तरी खोटं आहे.

काही जण यावर तोडगा काढतात. आई आणि मूल दोघांना मिळून एकच पट्टा. हे तर त्याहून वाईट. त्याच धक्क्यात साठ किलोची आई जवळजवळ टनभर भाराने पुढे येते, आणि तिच्या व पट्ट्याच्या मध्ये असतं ते पोर.

आता ज्यांनी सीट विकत घेतली आहे, त्यांच्याकडे वळतो. खरा राग तिथेच आहे. ज्याने घेतली नाही त्याला निदान पटवता तरी येतं. ज्याने घेतली, त्याला वाटतं आपलं कर्तव्य संपलं. कुरिअरने खोकं येतं, त्यावर हसऱ्या बाळाचं चित्र असतं. सीट मागे ठेवली जाते, पट्टा कुठून तरी ओवला जातो, मॅन्युअल प्लास्टिकसकट डिकीत जातं. कुठल्याही रविवारी आमच्या पार्किंगमध्ये अशा सीटला हात लावून बघा. खुर्ची डुलते तशी डुलते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या तरुण कॅप्टनच्या गाडीपुढे अचानक वानर आलं. वेग फार नव्हता, फक्त करकचून ब्रेक लागला. सीट मुलासकट पुढे कलंडली आणि मुलाचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. ओठ फाटला, दोन टाके पडले. गाडीला ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सीट बघितली. गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागून, आधाराच्या दांडीवरून नुसता फिरवलेला होता. ज्या खाचेतून तो जायला हवा तिच्यावर लाल खूण होती, बाण होता, चित्रही होतं. मुलगा हुशार आहे, त्याच्या कोर्सला पहिल्या पाचात होता. त्याला ही गोष्ट कोणी दाखवलीच नव्हती, आणि दुकानदाराला तर ती विकायची होती.

आपल्यापैकी प्रत्येकाने रायफल चालवली आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. बट खांद्यात घट्ट रुतवली तर रिकॉइल म्हणजे नुसता ढकला. दोन बोटांचं अंतर ठेवलं तर तीच रायफल घणासारखी बसते आणि आठवडाभर खांदा निळा राहतो. काडतूस तेच, माणूसही तोच. फरक फक्त मधल्या पोकळीचा. गाडी थांबते तेव्हा पट्ट्यातली ढील हीच ती पोकळी. गाडी थांबायला लागलेली असते, मूल मात्र अजून जुन्याच वेगाने चाललेलं असतं आणि ढील संपते तिथे एकदम अडतं. पट्टा आहे की नाही हा अर्धाच प्रश्न झाला. तो आवळलेला आहे का, हा उरलेला अर्धा.

तर आवळायचा कसा? सीट पट्ट्याने बसवायची असेल, तर आधी पट्टा योग्य खाचेतून घ्यायचा. युरोपीय मानकाच्या जुन्या पद्धतीच्या सीटवर पाठमोऱ्या बसण्यासाठी निळी खूण असते आणि पुढे तोंड करून बसण्यासाठी लाल. मग सीटमध्ये आपला गुडघा रोवायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा आणि पट्टा ओढून ढील काढायची. नंतर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवून बघायची. इंचभराहून जास्त सरकली, तर पुन्हा पहिल्यापासून. वरचं टोक धरून हलवू नका, ते थोडं हलतंच.

आयसोफिक्स असेल तर काम सोपं होतं, आणि सोपं झाल्यामुळेच अर्धवट राहतं. गाडीच्या सीटच्या बेचक्यात दोन लोखंडी कड्या असतात, त्यात दोन्ही बाजूंनी खटका बसायला हवा आणि हिरवी खूण दिसायला हवी. लोक इथेच थांबतात. तिसरा आधार कुठे आहे? तो एकतर सीटच्या वरून मागे जाणारा टॉप टेदर असतो, नाहीतर जमिनीवर टेकणारा पाय. टेदर नसेल तर सीट खालच्या दोन कड्यांवर पुढे झुकते आणि मुलाचं डोकं तेवढंच जास्त पुढे जातं. मी पाहिलेल्या कितीतरी सीटवर हा टेदर शेंडीसारखा मागे लोंबत असतो, किंवा डिकीतल्या पिशवी अडकवायच्या हुकाला लावलेला असतो. तो हूक भाजीच्या पिशवीसाठी असतो. टेदरची कडी वेगळी असते आणि ती कुठे आहे हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पायवाली सीट असेल, तर पायाखाली सामानाचा पोकळ कप्पा नाही ना, तेही बघायचं.

मुलाच्या अंगावरचे पट्टे ही शेवटची गाठ. खांद्याच्या हाडापाशी पट्ट्याची चिमूट घेऊन बघा. चिमटीत घडी आली तर तो ढिला आहे. पाठमोऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघायला हवेत. पुढे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. मूल वाढतं, पट्टे आपोआप वाढत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी खाच बदलावी लागते.

आमच्यासारख्या थंड भागात एक खास चूक होते आणि ती मायेपोटी होते. पोराला फुगीर जॅकेट घालून सीटमध्ये बसवतात, वरून पट्टे आवळतात आणि ते घट्ट वाटतात. प्रत्यक्षात घट्ट झालेली असते ती जॅकेटमधली हवा. धडकेत ती हवा दबते आणि आत मूल मोकळं होतं. खात्री करायची असेल तर जॅकेटसकट पट्टे आवळा, पट्ट्याची लांबी न बदलता मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवून पुन्हा बसवा. किती जागा उरते ते बघून पोटात गोळा येतो. पातळ कपड्यांवर पट्टे आवळायचे आणि वरून घोंगडी पांघरायची. श्रीनगरपासून तवांगपर्यंत जिथे जिथे आपली कुटुंबं राहतात, तिथे हे माहीत असायला हवं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी वेगळी सूचना. अमेरिकेतला मामा किंवा आत्या येताना सीट घेऊन येते. सीट चांगलीच असते, पण ती तिथल्या गाडीच्या भरवशावर बनवलेली असते. तिथल्या गाड्यांचा मागचा पट्टा पूर्ण ओढला किंवा विशिष्ट पद्धतीने लावला की जागीच कुलूपबंद होतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा पट्टा फक्त झटका बसला की अडतो, एरवी सैल धावतो. सीटला स्वतःची पट्टा पकडणारी क्लिप नसेल, तर ती सीट आपल्या गाडीत पट्ट्याने कधीच घट्ट बसत नाही, मग तिची किंमत डॉलरमध्ये कितीही असो.

आणि छावणीतला जुना बाजार! बदली झाली की ग्रुपवर जाहिरात येते, ‘बेबी सीट, गुड कंडिशन, ऑनेस्ट प्राइस’. क्रॉकरी घ्या, पडदे घ्या, कूलर घ्या. सीट घेताना मात्र विकणाऱ्याला तोंडावर विचारा, ही गाडीत असताना कधी अपघात झाला होता का? मोठी धडक सोसलेली सीट आतून तडकलेली असू शकते, बाहेरून दिसत नाही. तिच्यावर बनवल्याची तारीख आहे का, मानकाचा शिक्का आहे का, मॅन्युअल आहे का? विकणारा कोर्समेट असला तरी विचारा. पॅराशूटच्या उडीआधी आपण कोर्समेटच्याही बकला तपासतो, त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

पाठमोरं बसवण्याबद्दल घराघरांत वाद होतो. मूल आपल्याकडे बघत नाही, रडतं, पाय दुमडतात. दुमडू देत. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं आणि जड असतं आणि मान अजून कच्ची असते. पुढे तोंड असलं की धडकेत खांदे पट्ट्याने अडतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोरं असलं की डोकं, मान, पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात. स्वीडनमध्ये १९६४ साली बर्टिल आल्डमन यांनी पाठमोऱ्या सीटचा पहिला नमुना केला तो अंतराळवीरांच्या आसनावरून. तिथे चार वर्षांपर्यंत मुलं अशीच बसतात. युरोपच्या नव्या नियमाने किमान पंधरा महिने सक्तीचे आहेत. आपल्याकडे पहिल्या वाढदिवसाला केक कापला की दुसऱ्या दिवशी सीट फिरवतात. आणि पाठमोरी सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर कधीच नाही. फुटणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

(जाता जाता, तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोसाठी बनवणारे निल्स बोलिन त्याआधी साबमध्ये लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होते. सीटशी बांधणं ही विद्या आपल्याच क्षेत्रातून नागरी रस्त्यावर गेली आहे. तरी आपणच मागे.)

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. त्यातला ‘किंवा’ मला खटकतो. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर तो गळ्यावरून आणि पोटावरून जातो. कागद भागतो, पण धडकेत तोच पट्टा आतडी आणि मणका यांना इजा करतो. मोठ्यांचा पट्टा कमरेच्या हाडावर आणि खांद्याच्या मध्यावर बसेपर्यंत, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीपर्यंत, मुलाला बूस्टर हवा. वय आणि उंची पाहून कोणतं आसन, हे कायद्यानेच स्पष्ट लिहायला हवं होतं. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, वेग चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तुमच्या गावात असं हार्नेस लावलेलं एक तरी मूल दिसलं का?

नियम कागदावर राहतात, कारण आपण त्यांना चकवण्यात हुशारी मानतो. पट्टा न लावता बीप बंद करणाऱ्या खोट्या क्लिप ऑनलाइन इतक्या विकल्या जात होत्या, की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ती विक्री थांबवायचे आदेश द्यावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मागे बसले होते, पट्टा नव्हता. महिनाभर सगळे मागच्या पट्ट्यावर बोलले. मग विषय संपला. त्या एका वर्षात या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. गणवेशातल्या माणसाने हा आकडा वाचून गप्प कसं बसावं, हे मला कळत नाही.

अलीकडे नवीन टूम आहे ती ताऱ्यांची. ‘सर, फाइव्ह स्टार गाडी घेतली.’ उत्तम केलं. पण लहान मुलांचे तारे कसे मिळतात ते माहीत आहे का? भारत एनकॅपच्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांइतके पुतळे योग्य सीटमध्ये, नियमाप्रमाणे बांधून बसवतात आणि मग गाडी आदळतात. ते तारे त्या बांधलेल्या पुतळ्यांनी कमावलेले आहेत. मांडीवरच्या पोराला त्यातला एकही लागू नाही.

किमतीचा मुद्दा मी ऐकून घेतो, पण सगळ्यांकडून नाही. जवानाच्या घरी पाच-सहा हजार ही रक्कम मोठी आहे, त्याच्यासाठी वेल्फेअरमधून काही करता येईल आणि करायला हवं. पण ज्याने अलॉय व्हील आणि सनरूफवर लाखभर घातले, त्याने मला किंमत सांगू नये. बारशाला चांदीचे वाळे, चांदीची वाटी, चांदीचा खुळखुळा येतो. चार नातेवाइकांनी मिळून एक सीट आणली तर काय बिघडतं?

आता निवृत्त मंडळींशी. सर, राग मानू नका. घरात सीट बसवली जाते आणि ती हरते कोणामुळे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘काय पोराला दोरखंडाने बांधलंय, दे इकडे’ असं म्हणून आजोबाच त्याला मांडीवर घेतात, कधी तर स्टिअरिंगमागेही. सून काही बोलत नाही, कारण आजोबा कर्नल आहेत. वर दाखला तयार असतो: आम्ही चौघांना एका लॅम्ब्रेटावर नेलं, काही झालं का? नाही झालं. ज्यांच्या घरी झालं, ते मेसमधल्या पार्टीत हा किस्सा सांगायला उभे राहत नाहीत. तेव्हा लॅम्ब्रेटा चाळीसने धावायची आणि रस्ते रिकामे होते. आज द्रुतगती मार्गावर तुमचा मुलगा शंभरने जातो. तुमच्या काळात सीटच नव्हती, म्हणून तुमच्यावर कसला ठपका नाही. आता ती मागच्या सीटवर रिकामी पडली आहे आणि नातू तुमच्या मांडीवर आहे.

मूल रडतं हेही खरं. पहिले आठ-दहा प्रवास रडतं. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, मुलाला बाहेर काढायचं, पाय मोकळे करू द्यायचे, पुन्हा बांधायचं. गाडी चालू असताना बाहेर काढलं, की रडल्यावर सुटका होते हे ते एका दिवसात शिकतं. रिक्रूटही असाच शिकतो.

आमच्या युनिटमध्ये आता एक पद्धत पडली आहे. कोणी कुटुंबासह स्वतःच्या गाडीने रजेवर निघाला, की एमटीचे सुभेदार साहेब टायरची हवा आणि ब्रेक बघतात, तसाच मागचा दरवाजा उघडून सीटवर गुडघा रोवतात. एका तरुण मेजरने मला थोडं तणतणत विचारलं, ‘सर, ही माझी खाजगी गाडी आहे, हे ऑर्डरमध्ये कुठे येतं?’ मी म्हटलं, कुठेच येत नाही, तू नाही म्हणू शकतोस. तो खाली गेला. साहेबांनी त्याची सीट दोन बोटांनी हलवून दाखवली, मग दोघांनी मिळून ती काढून पुन्हा बसवली. वीस मिनिटं लागली. निघताना मेजरच्या बायकोने साहेबांना विचारलं, ‘अंकल, घरी गेल्यावर काढावी लागली तर परत अशीच लावायची कशी?’ साहेबांनी तिच्याच हातून सगळी सीट सोडवली आणि तिच्याकडूनच बसवून घेतली. मेजर डिकीपाशी उभा राहून मॅन्युअलचं प्लास्टिक फाडत होता.